शिपाई क्रमांक ६७७ : एका चिनी युद्धपटातलं घर, कंपनी आणि देश

१९५० साल. चीनमधली यादवी संपून वर्ष झालंय. वू छ्येनली नावाचा कंपनी कमांडर, म्हणजे सैन्यातल्या एका तुकडीचा प्रमुख, रजेवर घरी येतो. घर म्हणजे एक होडी. आईबाप पाण्यावरच राहणारे, मासेमारीवर पोट भरणारे. छ्येनलीच्या हातात थोरल्या भावाच्या अस्थी आहेत. त्या आईबापांपुढे ठेवून तो सांगतो की आता आपल्याला जमीन मिळणार आहे, काठावर पक्कं घर बांधू. बोलणं पुरतं संपलेलंही नसतं, तोच तुकडीवर परतायचा हुकूम येतो. एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ वानली हूड आहे, पाण्यावर दगडांच्या भाकऱ्या काढण्यात पटाईत आहे आणि घरात कुणाचं ऐकत नाही. तोही दादाच्या मागोमाग निघतो.

तिघा भावांची नावं बाइली, छ्येनली आणि वानली. अर्थ अनुक्रमे शंभर ली, हजार ली आणि दहा हजार ली. ली हे अंतराचं चिनी माप, साधारण अर्ध्या किलोमीटरचं. आयुष्यभर होडीवर राहिलेल्या बापाने पोरांना अंतरांची नावं ठेवली, आणि प्रत्येक पोर आधीच्यापेक्षा लांब जायचं.

‘छांगचिन सरोवराची लढाई’ हा कोरियन युद्धावरचा चित्रपट ३० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे चीनच्या राष्ट्रदिनाच्या आदल्या दिवशी आणि कम्युनिस्ट पक्षाच्या शताब्दीच्या वर्षात प्रदर्शित झाला. लांबी १७६ मिनिटं. दिग्दर्शक तीन : चेन काइगे, त्सुइ हार्क आणि दांते लाम. पटकथा लान श्याओलोंग आणि हुआंग च्यानशिन यांची. छ्येनलीच्या भूमिकेत वू जिंग, वानलीच्या भूमिकेत तरुण गायक-नट जॅकसन यी. कमाई सुमारे ५७७ कोटी युआन. त्या वेळी चीनमधला हा उच्चांक होता, आणि आधीचा उच्चांकही वू जिंगच्याच २०१७ सालच्या देशभक्तीपटाच्या नावावर होता. सरकारी धोरणाशी सूर जुळवणाऱ्या अशा चित्रपटांना चीनमध्ये ‘मुख्य सूर’ म्हणतात. १९८७ पासून हा शब्द चित्रपटखात्याच्या भाषेत रूढ आहे. पूर्वी असे चित्रपट शाळा-कार्यालयांची तिकिटं एकगठ्ठा काढून चालवावे लागत. हा चित्रपट लोकांनी स्वतःच्या पैशाने पाहिला आणि पाहताना ते रडले. ते कशामुळे रडले, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न आहे.

आमचं उत्तर असं : देशावर प्रेम का करावं हे चित्रपट पटवून देत बसत नाही. घरातल्या ज्या पारंपरिक भूमिका प्रेक्षकाला जन्मापासून ठाऊक आहेत, म्हणजे मुलगा, दादा, धाकटा, आजोबा, त्या तो तशाच उचलतो आणि कंपनीत नेऊन बसवतो. चिनी भाषा यात त्याला मदतच करते. देश या अर्थाचा शब्द आहे ‘क्वोच्या’. त्यातलं ‘क्वो’ म्हणजे राज्य आणि ‘च्या’ म्हणजे घर. १९५० ची घोषणाही अशीच होती : अमेरिकेला रोखा, कोरियाला मदत करा, घर राखा, देश सांभाळा.

मराठी वाचकाला हे समजायला लांब जावं लागत नाही. ‘आधी लगीन कोंडाण्याचं, मग माझ्या रायबाचं’ या वाक्यात हेच घडतं. पण फरक ध्यानात घ्यायला हवा. तानाजीच्या गोष्टीत घरचं कार्य बाजूला ठेवलं जातं, आणि त्या त्यागानेच गोष्ट मोठी होते. चिनी परंपरेतही ही ओढाताण जुनी आहे. निष्ठा आणि मातृपितृभक्ती दोन्ही एकदम पुरी होत नाहीत, अशी तिथली म्हणच आहे. बाराव्या शतकातला सेनापती युए फेइ याच्या पाठीवर त्याच्या आईनेच देशनिष्ठेची चार अक्षरं गोंदली, अशी दंतकथा सांगतात. तिथे आई स्वतः मुलाला देशाच्या हवाली करते. या चित्रपटातली आई काहीच गोंदत नाही आणि फारसं बोलतही नाही. इथे ओढाताणच उरत नाही, कारण लढणं हेच घरासाठी आहे असं मांडलंय. काठावरचं ते न बांधलेलं घर त्यासाठीच पहिल्या प्रसंगात येतं.

प्रत्यक्षात काय घडलं होतं

सरोवर उत्तर कोरियात आहे. कोरियन नाव जांगजिन, चिनी उच्चार छांगचिन. अमेरिकी नकाशे जपानी राजवटीतले होते, म्हणून इंग्रजी इतिहासात ते ‘चोसिन’ झालं. ज्यांच्या देशात ते आहे त्यांचं नाव दोन्ही बाजूंनी वापरलं नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

लढाई २७ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर १९५० या काळात झाली. चीनकडून सोंग शिलुन यांची नववी सेना होती : तीन कोअर, बारा डिव्हिजन, सुमारे दीड लाख माणसं. समोर संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली सुमारे तीस हजार. त्यांचा कणा म्हणजे मेजर जनरल ऑलिव्हर स्मिथ यांची अमेरिकी पहिली मरीन डिव्हिजन. तापमान उणे तीसच्या खाली जाई. नववी सेना पूर्व चीनमध्ये तैवानवरच्या स्वारीसाठी तयार होत होती. तिला घाईने उत्तरेला वळवलं, तेव्हा अंगावर दक्षिणेच्या थंडीपुरते पातळ कोट आणि पायांत कापडी बूट होते. ईशान्य चीनमध्ये थांबून हिवाळी कपडे घ्यायचे असं ठरलं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही.

चीनच्या अधिकृत आकड्यांनुसार लढाईत १९,२०२ माणसं कामी आली किंवा जखमी झाली, आणि थंडीने २८,९५४ निकामी झाली. त्यांतली सुमारे चार हजार गोठून मेली. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा थंडीने जास्त माणसं निकामी केली. उलट बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेची लढाईतली हानी साडेदहा हजारांच्या आसपास होती, आणि हिमदंशाचे हजारो रुग्ण वेगळे. अमेरिकी फौज वेढ्यातून बाहेर पडून हुंगनाम बंदरात पोचली आणि २४ डिसेंबरपर्यंत इतर तुकड्यांसह सुमारे एक लाख सैनिक व तितकेच निर्वासित जहाजांतून निघून गेले. म्हणून चीनमध्ये हा विजय मानतात, कारण शत्रूला उत्तर कोरियाच्या पूर्व भागातून हुसकावलं. अमेरिकी मरीन मात्र याला वेढा फोडून सुखरूप निघाल्याची गाथा मानतात. नववी सेना त्यानंतर काही महिने लढण्याच्या स्थितीतच नव्हती.

कोरियन युद्धात भारत लढायला उतरला नाही, पण अगदीच बाहेरही राहिला नाही. अमेरिकी फौज ३८ व्या अक्षांशापलीकडे, म्हणजे दक्षिण कोरियातून उत्तर कोरियात, आली तर चीन उतरेल, हा इशारा चीनचे पंतप्रधान चाऊ एन्लाय यांनी ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला मध्यरात्री भारतीय राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून दिला होता. तो पुढे पोचला, पण वॉशिंग्टनने मनावर घेतला नाही.

कंपनीची वंशावळ

पडद्यावरची ‘सातवी घुसखोर कंपनी’ काल्पनिक आहे. घुसखोर म्हणजे शत्रूच्या रांगा भेदून मागे जाणारी. आजूबाजूला खरी माणसं पेरली आहेत : सोंग शिलुन, कोरियातल्या चिनी फौजेचे सरसेनापती फंग दहुआइ, दारूगोळ्याची पिशवी कवटाळून शत्रूत उडी घेणारा यांग गेनसी. मधली जागा लेखकांना मोकळी मिळावी म्हणून कंपनी तेवढी रचलेली.

या कंपनीतल्या प्रत्येक शिपायाला क्रमांक असतो. कंपनी स्थापन झाल्यापासून आत आलेला कितवा माणूस, हा त्या क्रमांकाचा अर्थ. छ्येनली १६२ वा, वानली ६७७ वा. मेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जात नाही. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत कुळातली नावं पिढ्यान्‌पिढ्या ओळीने लागतात, मेलेल्याखाली जिवंत. चिनी कुळांच्या वंशावळींचंही तसंच. पटकथेने ती वंशावळ उचलून लष्करी नोंदवहीत टाकली आहे. म्हणून वानलीला क्रमांक लगेच मिळत नाही, तो कमवावा लागतो. मिळतो तेव्हा बढती मिळाल्यासारखं वाटत नाही, दत्तकविधान झाल्यासारखं वाटतं. आमच्या मते अख्ख्या चित्रपटातली ही सर्वांत हुशार कल्पना आहे. लढाईचे महागडे प्रसंग विसरले तरी ६७७ हा आकडा लक्षात राहतो.

आता या घरातली माणसं. थोरला भाऊ बापाच्या जागी, असं चीनमध्येही म्हणतात. छ्येनली खरोखरच बापाच्या जागी आहे, कारण खरा बाप होडीवर राहिलाय. त्याच्यापुढे दोन कामं आहेत आणि ती एकमेकांना छेदतात : कमांडर म्हणून धाकट्याला गोळ्यांच्या तोंडी पाठवायचं आणि दादा म्हणून जिवंत घरी न्यायचं. तो वानलीला अंड्याचा दाखला देतो. बाहेरून फोडलं तर कुणीतरी खातं, आतून फुटलं तर कदाचित गरुड निघतो. दादा शिकवतो ते असं, आडवळणाने.

आजोबाच्या जागी लेइ सुइशेंग, तोफखान्याचा म्हातारा. सगळे त्याला ‘लेइगोंग’ म्हणतात. गोंग म्हणजे वडीलधारा, आणि लेइगोंग हे मेघगर्जनेच्या देवाचंही नाव. तोफा डागणाऱ्याला शोभणारी कोटी आहे. सिंहगडावरचे शेलारमामा आठवले तर चूक नाही. तरण्यांच्या घोळक्यात एक पिकला माणूस असला की घोळक्याचं कुटुंब होतं. अमेरिकी विमानं बाँबफेकीसाठी जागा दाखवणारा लाल धुराचा गोळा ठाण्यावर टाकतात, तेव्हा लेइ तो गाडीत घालून लांब पळवतो आणि मरतो. मरताना घोषणा देत नाही. दुखतंय म्हणून कण्हतो, मला इथे एकट्याला सोडू नका म्हणतो. १९५०-६० च्या चिनी युद्धपटांत वीराला कण्हायची मुभा नव्हती. ही नवी मुभा प्रेक्षकाला आत ओढते.

चौथा मेइ शेंग, राजकीय अधिकारी. पूर्वीच्या चित्रपटांत या पदाचा माणूस पक्षाचं धोरण समजावून सांगायचा. इथे तो चष्मा लावणारा बाप आहे आणि खिशात लहान लेकीचा फोटो बाळगतो. आपण आज लढलो नाही तर पुढच्या पिढीला लढावं लागेल, हा चित्रपटातला जवळजवळ एकमेव उघड युक्तिवाद त्याच्याच तोंडी आहे. तोही सिद्धांत म्हणून येत नाही, बापाची काळजी म्हणून येतो. पक्षाचा माणूस बापाच्या रूपात आला की पक्ष दिसेनासा होतो.

होडीवरच्या घराला समांतर दुसरं घर आहे : माओ त्सेतुंग यांचं. थोरला मुलगा आनयिंग युद्धावर जायचा हट्ट धरतो, बाप शेवटी हो म्हणतो. २५ नोव्हेंबर १९५० रोजी सेनामुख्यालयावरच्या बाँबहल्ल्यात आनयिंग गेला, हे खरं, वय २८. चित्रपटात तो नकाशे वाचवायला परत आत धावतो. कोळ्याच्या घरातून एक मुलगा गेला आणि देशाच्या प्रमुखाच्या घरातूनही एक, हा तोल मुद्दाम साधलेला आहे.

यात ‘पारंपरिक’ काय, असं विचारलं जातं. हे सगळं कन्फ्यूशियसच्या घरचं आहे : बापलेक, थोरला-धाकटा, वडीलधाऱ्याचा मान. पण त्याच पक्षाने १९७३-७४ मध्ये कन्फ्यूशियसविरोधी मोहीम देशभर चालवली होती. तेव्हाच्या चित्रपटांत माणसांना बांधणारं सूत्र रक्ताचं नव्हतं, वर्गाचं होतं. १९६४ चा ‘वीर मुलं-मुली’ पाहा. बा जिन यांच्या कथेवर बेतलेल्या त्या चित्रपटात नायिकेला वाढवणारा बाप कामगार आहे आणि जन्मदाता बाप सेनेतला अधिकारी. रक्तापेक्षा क्रांतीचं नातं मोठं, हा तिथला धडा. २०२१ मध्ये वर्ग गेला आणि सख्खे भाऊ आले. म्हणजे ज्या परंपरेला आज कायमची मानलं जातं, ती या पडद्यावर अलीकडेच परतलेली आहे.

बायका कुठे गेल्या

मोजायला बसलं तर फार वेळ लागत नाही. होडीवरची आई. सैनिकांच्या रेल्वेगाडीत वानलीला आपला लाल मफलर देणारी मुलगी. फोटोतली लेक. एक निरोप देते, एक वस्तू देते आणि एक फोटोत हसते. तिघीही ‘ज्यांच्यासाठी लढायचं’ त्या गटातल्या.

जुने चित्रपट स्त्रियांच्या बाबतीत जास्त कर्मठ असतील असं वाटेल, पण झालंय उलटं. १९५६ च्या ‘शांगगानलिंग’ या कोरियन युद्धावरच्या चित्रपटात भुयारात अडकलेल्या, तहानेने व्याकूळ सैनिकांमध्ये परिचारिका वांग लान आहे. चीनमध्ये आजही गायलं जाणारं मातृभूमीचं गाणं पडद्यावर तीच गाते. आवाज गुओ लानयिंग यांचा. १९६४ च्या चित्रपटातली वांग फांग सेनेच्या कलापथकात आहे आणि मेलेल्या भावाच्या पराक्रमाचं गाणं गाते. स्त्री-पुरुष समानता हे तेव्हा सरकारी धोरण होतं, त्यामुळे पडद्यावर स्त्रीला गणवेश मिळायचा, भले तिचं खाजगी आयुष्य कापून. कोरियात गेलेल्या चिनी सैन्यात वैद्यकीय पथकांत आणि कलापथकांत स्त्रिया खरोखर होत्या. त्यामुळे ‘इतिहासात नव्हत्या म्हणून दाखवल्या नाहीत’ ही सबब टिकत नाही. खरं कारण रचनेतच सापडतं. देशाला घर बनवायचं ठरलं की घरात कुणीतरी थांबायला हवं.

बटाटा आणि टर्की

चित्रपटातला सर्वांत गाजलेला पदार्थ गोठलेला बटाटा. बर्फासारखा कडक, दाताने चावत नाही. लगेच पुढचं दृश्य अमेरिकी छावणीतलं : २३ नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगचं जेवण, टर्की, गरम वाफा. उपासमार आणि भरल्या पोटाचा हा विरोध कुठल्याही भाषणापेक्षा जोरात काम करतो. प्रदर्शनानंतर चीनमध्ये लोकांनी बटाटे गोठवून खाऊन पाहिले आणि त्याचे व्हिडिओ टाकले. पण विरोध इतका पक्का बसला की एक साधा प्रश्न बाजूला पडला : बटाटे का? दीड लाख माणसांना हिवाळी कपडे आणि अन्न न देता डोंगरात कुणी पाठवलं? रसदीची चूक वरच्या हुकुमांत होती. पडद्यावर ती निसर्गाची क्रूरता आणि शत्रूच्या विमानांचा उपद्रव म्हणून येते. प्रेक्षक हळहळतो, पण हिशेब मागत नाही.

गोठलेल्या कंपन्यांचंही तसंच. दबा धरून बसलेल्या जागी, बंदुका रोखलेल्या अवस्थेत अख्ख्या तुकड्या गोठून मेल्या. चिनी लष्करी इतिहासात अशा तीन कंपन्यांची नोंद आहे : ५९ व्या, ६० व्या आणि ८० व्या डिव्हिजनमधली प्रत्येकी एक. चित्रपटाच्या शेवटी जनरल स्मिथ त्या बर्फातल्या मृतांपुढे सलाम करतो आणि अशा माणसांपुढे आपला विजय होणार नव्हता असं म्हणतो. शत्रूच्या तोंडून स्तुती वदवून घेणं आपल्या बखरींनाही परकं नाही. इथे ती एक काम करते. हे मरण म्हणजे नियोजनाचं अपयश की पराक्रम, हा निवाडा शत्रूच देऊन टाकतो, आणि मग आपल्याच माणसांना तो प्रश्न विचारणं अवघड होतं.

किती अवघड, ते लगेच दिसलं. वीर-हुतात्म्यांची बदनामी १ मार्च २०२१ पासून चीनमध्ये फौजदारी गुन्हा आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका माजी शोधपत्रकाराने या गोठलेल्या कंपनीवर खोचक टिप्पणी केली. दुसऱ्याच दिवशी त्याला ताब्यात घेतलं, आणि मे २०२२ मध्ये सात महिन्यांची कैद झाली.

कोरियन माणसं मात्र जवळजवळ नाहीतच. लढाई त्यांच्या गावांत, त्यांच्या सरोवराकाठी; पण उत्तर कोरियाचा सैनिक दिसत नाही आणि २५ जून १९५० ला युद्ध कुणी सुरू केलं याचाही पत्ता लागत नाही. गोष्टीतलं कारण सुरू होतं ते १५ सप्टेंबरला अमेरिकी फौज कोरियाच्या इंचॉन बंदरात उतरली तिथपासून आणि चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीकाठच्या बाँबहल्ल्यांपासून. चूक दिग्दर्शकांची आहे असं नाही. घराच्या गोष्टीत शेजाऱ्याला जागा नसते.

अभ्यास करणाऱ्यांसाठी

हा चित्रपट वर्गात किंवा मंडळात घ्यायचा तर १७६ मिनिटं एका दमात दाखवून चर्चा ठेवू नये. बाँबच्या आवाजाने माणसं बधिर होतात आणि चर्चा ‘प्रचारपट आहे की नाही’ एवढ्यावर घसरते. तो तर आहेच. पक्षाच्या प्रचार विभागाच्या पाठबळाने झालाय आणि ते कुणी लपवलेलंही नाही.

त्यापेक्षा आधी होडीचा प्रसंग दाखवावा. मग वहीत तीन रकाने आखावेत : कोण, कुणाला, कोणत्या संबोधनाने. उपशीर्षकांवर विसंबू नये. ‘गं’ म्हणजे दादा, हा शब्द इंग्रजी उपशीर्षकांत अनेकदा नुसत्या नावात विरघळतो, आणि आपल्याला हवा तो पुरावा तिथेच हरवतो. चिनी न येणाऱ्यालाही ‘गं’ आणि ‘ल्येनचांग’, म्हणजे कंपनी कमांडर, हे दोन शब्द कानाने पकडता येतात. वानली कोणता शब्द कधी वापरतो याची नोंद ठेवली की कथेचा अर्धा नकाशा हाती येतो.

दुसऱ्या खेपेला बायकांची वाक्यं मोजावीत. तिसऱ्या खेपेला हुकूम मोजावेत : किती हुकूम वरून येतात, आणि त्यांतला एकही चुकीचा होता असं कुणी म्हणतं का. तोवर इतिहासाची पुस्तकं उघडू नयेत. आधी आकडे हाती दिले की गट ‘चित्रपट खोटा’ म्हणून मोकळा होतो आणि चित्रपट काम कसं करतो हे पाहायचं राहून जातं. आकडे चौथ्या बैठकीत, आणि ते दोन्ही बाजूंचे.

शेवटी याच चित्रपटाचा दुसरा भाग, १ फेब्रुवारी २०२२ ला आलेला; त्यातले फक्त अखेरचे दोन प्रसंग पुरे. पहिल्यात वानली कंपनीची हजेरी देतो : असायला हवेत १५७, हजर १. दुसऱ्यात तो होडीवर घरी येतो. या वेळी अस्थी छ्येनलीच्या आहेत, आणि त्या आणणारा धाकटा.